दोनशेव्या पानावरची माफी

आपल्या कादंबरीतल्या नायकाने दोनशेव्या पानाआधी माफी मागायची नाही, असं वृंदाने ठरवूनच लिहिलं होतं. तोवर वाचणाऱ्याने तळमळायला हवं. पण हल्लीची पुस्तकं हातात धरणाऱ्याची नाडी बघून मजकूर बदलतात आणि कुणाला तळमळूच देत नाहीत.

"संपलीसुद्धा," तिचा नवरा श्रीरंग कौतुकाने म्हणाला. "नायिका छान जमलीय. स्वतःच चुकलं म्हणते आणि विषय मिटवते."

"चूक त्याची आहे," वृंदा करवादली. "माफी तो मागतो."

"माझ्या पुस्तकात नाही मागत."

तिने पुस्तक हिसकावून घेतलं. बोटांखाली अक्षरं हलली आणि पहिल्याच पानावर नायक गयावया करू लागला. वृंदाला बरं वाटलं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"चहा टाकतेस?" श्रीरंगने विचारलं.