बोल्टांची ढोलकी

"हे बोल्ट आम्ही काढणार," म्हणत सेवगीने टॅबलेट ऊर्मिलासमोर धरला.

पडद्यावर बाबांचीच ढोलकी होती, पण न्हाऊमाखू घातल्यासारखी. लाकूड चकचकीत. दोन्ही तोंडं ताणून धरणारे पोलादी बोल्ट गायब, त्यांच्या जागी पांढरी सुती दोरी आणि पितळी कड्या. खरी ढोलकी हॅम्बर्गच्या घरात, दोघींच्या मधे टेबलावर होती.

सेवगी आली होती तुर्कस्तानातल्या इझमीरजवळच्या, समुद्रकाठच्या एका घरासाठी. घर फेरीहान हानमचं, म्हणजे फेरीहानबाईंचं. जिच्या गाण्यांवाचून तुर्की माणसाचं लग्न पार पडत नाही, ती बाई दोन वर्षांपूर्वी गेली आणि आता तिच्या घराचं संग्रहालय होत होतं. जर्मनीतल्या तिच्या कार्यक्रमांना साथीला हॅम्बर्गच्या गोदीतले एक फिटर असत, राजाभाऊ, म्हणजे ऊर्मिलाचे बाबा. त्यांच्या ढोलकीसाठी तिथे समुद्राकडच्या खिडकीतली जागा राखून ठेवली होती.

राजाभाऊ मार्चमध्ये गेले. ढोलकी द्यायची हे मायलेकींचं ठरलं होतं. सकाळीच आईने तिच्यावरची शाल काढली होती.

"का काढायचे बोल्ट?" ऊर्मिलाने जर्मनमध्ये विचारलं.

"आल्झो... म्हणजे, बघणाऱ्याला अस्सल भारतीय वाद्य दिसायला हवं. हे तर नंतर बसवलेले आहेत. आणि हे पिवळे-तांबडे डागही जातील. आमचे जतन करणारे लोक फार कसबी आहेत."

आई चहा घेऊन आली. "काय म्हणतेय गं ती?"

"बोल्ट काढणार म्हणतेय. आणि डाग पुसणार."

"ह्यांचे बोल्ट?" आईने ट्रे खाली ठेवला.

ऊर्मिला सेवगीकडे वळली. "ते डाग नाहीत. हळदकुंकू आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. बाबा कामावरचा पाना आणि ही ढोलकी एकाच पाटावर मांडायचे."

"पण मुळात तिला दोरीच होती ना?"

"होती. इथल्या दमट हवेत सैल पडून सुरातून उतरायची. एकदा कार्यक्रमात, ऐन गाण्यात उतरली. मग बाबांनी गोदीतल्या लेथवर हे बोल्ट घडवले, जेवणाच्या सुट्टीत. फोरमन ओरडायला लागला, तर त्यालाही तिकीट दिलं."

एवढं जर्मन आईला समजत होतं. "आला होता की तो," ती मराठीतच म्हणाली. "पहिल्या रांगेत बसून रडत होता. शब्द एक कळत नव्हता मेल्याला."

ऊर्मिलाने ते सांगितलं तेव्हा सेवगी मोकळेपणी हसली. मग टॅबलेटकडे पाहून गंभीर झाली. "मला आवडलंय सगळं. खरंच. पण आराखडा मंजूर झालाय. मी काही करू शकत नाही."

"मग ती इथेच राहील," ऊर्मिला म्हणाली. तिने खुर्चीवरची शाल उचलली आणि ढोलकीवर टाकली.

"अगं," आई हळूच म्हणाली, "खिडकीत ठेवणार होते तिला."

"बाबा गोदीत काम करायचे, आई. तेवढं पुसून टाकायचं आणि मग त्यांना खिडकीत बसवायचं?"

शालीचं एक टोक दुमडलं होतं, ते आईने सरळ केलं.

सेवगीने चहाचा कप बाजूला ठेवला. मग तिने फोन काढला. "निलुफर हानमना विचारते. फेरीहानची धाकटी बहीण. अजून त्याच घरात राहतात, वरच्या मजल्यावर. शेवटी घर त्यांचं आहे."

फोनवर एक म्हातारा चेहरा उमटला. मागे पाण्याची निळी पट्टी दिसत होती. सेवगी तुर्कीत बराच वेळ बोलली. मग तिने विचारल्यासारखं ऊर्मिलाकडे पाहिलं, शाल बाजूला केली आणि फोन ढोलकीजवळ नेला. म्हातारीने चष्मा लावला. आणखी जवळ आण, अशी खूण केली. एकेक बोल्ट नीट पाहिला आणि मग ती एकदम बोलायला लागली. आवाज इतका चढला की सेवगीने फोन थोडा लांब धरला.

"काय झालं? चिडल्या का?" ऊर्मिलाने विचारलं.

"माझ्यावर," सेवगी म्हणाली. ती थांबत थांबत सांगू लागली. "त्या म्हणतात, काढून तर बघा बोल्ट. म्हणतात, मध्यंतरात तो बोल्ट आवळून ढोलकी चढवायला बसला की पाना त्याच्या हातात माझी बहीण द्यायची. दुसऱ्या कुणाला देऊ द्यायची नाही. तिच्या रेशमी झग्याला पान्याचं तेल लागायचं." सेवगीने फोनकडे पाहिलं, काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं. "तो झगा दिवाणखान्यात काचेत लावलाय. मी स्वतः लावलाय. बाहीवर एक काळा डाग आहे. तो धुवायचा नाही, असं फेरीहान हानम सांगून गेल्या होत्या. का, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं."

आईने पदर नीट केला आणि फोनमधल्या म्हातारीला दोन्ही हात जोडले. म्हातारीने उजवा हात छातीवर ठेवला.

फोन बंद झाल्यावर सेवगीने टॅबलेटवरचं ते चकचकीत चित्र पुसून टाकलं. "बोल्ट राहतील. हळदही राहील," ती म्हणाली. "आता खालच्या पाटीचं सांगा. नावापुढे काय लिहू? ढोलकीवादक?"

"फिटर आणि ढोलकीवादक," ऊर्मिला म्हणाली. "याच क्रमाने."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तुर्की, जर्मन आणि इंग्रजीत लिहू."

"आणि मराठीत," आई पहिल्यांदाच जर्मनमध्ये बोलली.

सेवगीने नवलाने वर पाहिलं. "लिहू. पण फ्राऊ शोभना, त्या गावात मराठी वाचणार कोण?"

आईने तिच्यापुढे चहाचा कप सरकवला.

"आम्ही येऊ ना वाचायला."