बॉजर

इनॉस प्लमरिजनं पायाखालची फळी दाबली. लेथवरचं लाकूड गरगरलं आणि बीच झाडाच्या ओल्या लाकडाची सोलपटं उडू लागली. विकंब गावच्या कारखान्यांसाठी तो पन्नास वर्षं याच रानात खुर्च्यांचे पाय कातत होता. अशा कातार्‍यांना तिकडे बॉजर म्हणत. महायुद्धानंतर या रानात तो एकटाच उरला होता.

समोरच्या ओंडक्यावर मिस क्वेल वही घेऊन बसल्या होत्या. त्या लंडनहून, शब्दकोशाच्या कचेरीतून आल्या होत्या.

“‘बॉज’ हा शब्द कुठून आला, ते शोधतेय मी.”

“अर्थ काय लावलाय त्याचा?”

बाई जरा अडखळल्या. “काम बिघडवणं. कसंतरी उरकणं.”

पटाशी थांबली. “आणि तो आमच्यावरून आला?”

“काही जण म्हणतात तसं. तुम्ही नुसते पाय करता, खुर्ची दुसरेच जोडतात, म्हणून. काहींच्या मते ठिगळ लावण्याला एक जुना शब्द होता, त्याचंच हे रूप. तुमचा संबंधच नाही.”

इनॉसनं आदल्या दिवशीच्या ढिगातून एक पाय उचलून त्यांच्या हातात दिला. “खोट काढा यातली.”

त्यांनी तो उजेडाकडे धरून फिरवला. “मला तर काही दिसत नाही.”

“मलाही दिसत नाही.” त्यानं त्यांचा अंगठा एका जागी टेकवला. “लागली?”

केसाएवढी गाठ होती. इनॉसनं तो पाय किटलीखालच्या जाळात सरकवला. “दहा वर्षांनी कुणीतरी आपटलं असतं.”

मिस क्वेल बराच वेळ लिहीत राहिल्या. इनॉसला वाचता येत नव्हतं.

“काय खरडलंत? ऐकवा तरी.”

“‘बॉज : काम बिघडवणं. उगम अनिश्चित.’”

“म्हणजे ठाऊक नाही, असंच ना?”

“हो.”

“एवढ्यासाठी लंडनहून चिखल तुडवत आलात होय, बाई?”

त्या हसल्या. “खालचंही ऐका. ‘बॉजर : रानात खुर्चीचे पाय कातणारा कुशल कारागीर.’ ही नोंद आमच्याकडे नव्हतीच.”

“कुशल? तेवढं ठेवतील साहेबलोक?”

“भांडेन मी त्यासाठी.”

इनॉसनं त्यांना चहा ओतून दिला. मग म्हणाला, “पण छापताना दोन्ही शेजारीशेजारीच येणार?”

“अक्षरंच तशी आहेत. माझा इलाज नाही.”

त्यानं लेथवर नवं लाकूड चढवलं, फळीवर पाय ठेवला.

“असू दे. शेजारी कुठं आपण निवडून घेतो?”