स्टँडमधला माणूस

उर्वीच्या पत्राला चंद्रहासरावांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि आता रग्बीच्या स्टँडमध्ये बसल्यावर ते पत्र त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं.

पत्र म्हणजे ईमेलच. लेक ट्रेनिंगसाठी सिंगापूरला गेली होती, तिथून तिने लिहिलं होतं. 'बाबा, घरच्या टॅबवर काय उघडलं जातं ते मला इथे दिसतं. रग्बी सेव्हन्सवर पैसे लावायच्या साइट्स, क्रिप्टोचं वॉलेट. रुपेशला विचारलं तर म्हणतो, मी नाही. दुबईत हे पकडलं गेलं तर तुरुंग, नाहीतर थेट विमानात बसवतात. तो खेळत असेल तर मी परत येणार नाही, इथेच नोकरी धरीन. तुम्ही बघा आणि मला खरं काय ते कळवा. आईला बोलू नका, तिचं बीपी वाढेल.'

चंद्रहासराव काय बघणार? दुबईच्या देरा भागातल्या ट्रेडिंग ऑफिसात इनव्हॉइस तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. माणसं तपासणं त्यांना कधी जमलं नाही. एकाच घरात राहणाऱ्या जावयावर नजर ठेवायची तीही पुस्तक आड धरून.

त्यात परवा रुपेशनेच विचारलं, "बाबा, सेव्हन्सचा एक पास जास्तीचा आहे. येता?"

सासऱ्याला कोणी रग्बी बघायला नेतं का? पण ते आले. रुपेशने त्यांना सावलीतली खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली आणि "मी येतोच हां, जरा काम आहे," म्हणून तो खाली कठड्यापाशी गेला. तिथे त्याच्या ऑफिसातला रफिक मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता.

चंद्रहासरावांच्या कानात इअरफोन होता आणि इअरफोनमध्ये बायको, कमलिनीबाई. गुडघ्यांमुळे त्या घरीच राहिल्या होत्या.

"अहो, टॅबवर चित्र अडकतंय मेलं. तुम्हीच सांगा काय चाललंय."

"निळ्या कपड्यातला एक सुटलाय."

"मागे कोण आहे का?"

"कोणी नाही. पोचणार बहुतेक."

"बहुतेक काय? नक्की सांगा!"

"नक्की पोचणार."

जरा वेळाने पलीकडून आवाज आला, "पोचला हो! बरोबर सांगितलंत."

चंद्रहासरावांना भरून आलं. आजवर त्यांनी पुस्तकातलं काही वाचून दाखवायला घेतलं की कमलिनीबाईंना नेमकी गॅसवरची भाजी आठवायची. शेअर, मुदतठेवी, घरभाडं, सगळं त्याच बघत. नवऱ्याचं मत कधी लागलं नव्हतं. आज मात्र त्या त्यांचा एकेक शब्द झेलत होत्या. बिचारीला एकटीला कंटाळा येत असेल.

पण त्यांचं लक्ष रुपेशवरून हटेना. मैदानाकडे त्याची पाठ होती. दुर्बीण डोळ्यांना लावून तो प्रेक्षकांकडे बघत होता. एवढे लोक रंग फासून, केळ्याचे नि कोंबड्याचे वेष करून नाचत होते, ते बघायला दुर्बीण कशाला? कोणाला तरी खूण करत असणार. एकदा ती दुर्बीण त्यांच्याही रांगेवरून फिरली, आणि रुपेशने हसून हात हलवला. चंद्रहासरावांनी दचकून पुस्तकात डोकं घातलं.

मॅच संपली. "पाणी भरून आणतो," असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि बाटली घेऊन ते त्या दोघांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"वही वॉलेट, भाई," रफिक म्हणत होता. "फिर जीत गया."

"कितना?"

"पाँच हजार दिरहम के ऊपर."

चंद्रहासरावांनी सवयीने मनात रुपये केले. लाखाच्या वर!

"यल्ला, अगला मॅच," रुपेश म्हणाला. "इस बार छोडना नहीं."

"रुपेशराव."

रुपेश गर्रकन वळला. "अहो बाबा, ऊन लागेल तुम्हाला. इथे कशाला आलात?"

"उर्वी परत येणार नाही म्हणते. हात जोडतो, हे सोडा."

"काय सोडू?"

"हा जुगार."

रफिक खो खो हसत सुटला. "हबीबी, ससुरजी ने तो हमको ही पकड लिया!"

रुपेश हसला नाही. त्याने शर्टाच्या आतून गळ्यातलं ओळखपत्र बाहेर काढलं.

"बाबा, आयोजकांनी आमच्या कंपनीला नेमलंय. जुगार पकडायला. घरी बोलायची परवानगी नव्हती, उर्वीलाही नाही. त्या साइट्सचं तिने मला विचारलं होतं. मला वाटलं, चुकून कधी ऑफिसचं काही घरी उघडलं गेलं असेल."

"म्हणजे तुम्ही खेळत नाही?"

"आईशपथ नाही. ऐका, पडद्यावर हा खेळ सात-आठ सेकंद उशिरा दिसतो. स्टँडमध्ये बसलेला माणूस फोनवर आधीच सांगून टाकतो, आणि तेवढ्यात त्याचा साथीदार पैसे लावतो. क्रिप्टोत लावले की नावही लागत नाही. तो सांगणारा माणूस याच स्टँडमध्ये आहे. सकाळपासून शोधतोय त्याला."

"सापडेल?"

"सापडेल, इन्शाल्ला. असेल कोणीतरी चलाख, तरणा पोरगा."

शिट्टी झाली. चेंडू उडाला, स्टँड ओरडू लागलं. पिवळ्यांचा एक खेळाडू कडेने सुसाट सुटला. रफिक लॅपटॉपवर वाकला आणि त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"अजीब है. इस बार कुछ नहीं लगाया उसने."

चंद्रहासरावांच्या खिशातला फोन थरथरू लागला. त्यांनी तो घेतला नाही. थांबला, पुन्हा थरथरला.

"बाबा, बसा जरा. चेहरा उतरलाय तुमचा," रुपेश म्हणाला आणि दुर्बीण उचलून पुन्हा प्रेक्षकांकडे वळला.

ते पायरीवर टेकले. चष्मा पुसला, उर्वीचं पत्र उघडलं, खाली उत्तर लिहिलं आणि पुन्हा न वाचता पाठवून दिलं:

'रुपेश खेळत नाही. तुझी आई खेळते. तिला इथून मी सांगतो.'