दोन शितं

कटंगीच्या बाजारातून आणलेल्या पुस्तकातलं हरवलेलं वासरू शेवटी मरतं, हे नूतनने आधीच वाचलं होतं. थोरली प्राची इतकी हळवी, की गोष्टीतली चिमणी मेली तरी दोन दिवस अन्नाला शिवत नसे. म्हणून लेकीच्या नकळत नूतनने भाताची शितं चेपून शेवटची पानं चिकटवून टाकली. आज प्राची धाकट्या छुटकीला ती गोष्ट वाचून दाखवत होती आणि छुटकी पलंगावर उड्या मारत होती, “सापडलं का वं, दीदी?” “थांब न, पन्ना चिपकला!” नूतनचा झारा कढईवरच थांबला. प्राचीने पट्टी घालून पानं सोडवली. वाचता वाचता तिचे ओठ मिटले. मग ती एकदम ओरडली, “सापडलं! गाईजवळ पोचलं!” छुटकी घरभर नाचली. प्राची डोळे पुसत आईजवळ आली. “मम्मी, दोन शितं दे न. छुटकीले पुढच्या साली वाचता येईन.”