एका दुकानाला एक मिरची

पडद्याआडून पुन्हा एक शिंक आली आणि बाहेर बसलेला अख्खा मिरची बाजार खो खो हसला. आत हुकमीचंदशेठ होते. डोळे पुसत बाहेर आले, पण चेहरा असा, की कोणाला मत दिलं ते ब्रह्मदेवालाही सांगणार नाहीत.

नंदुरबारच्या मिरची बाजाराचा मुख्य पंच असा पहिल्यांदाच निवडला जात होता. आजवरची रीत निराळी होती. जुना पंच वारला की चार मोठे शेठ दार लावून बसत आणि नाव ठरवून बाहेर येत. ज्याचं नाव निघालं नाही तो मग वर्षानुवर्षं पंचाच्या ओट्यावर पाणी पीत नसे. यंदा सुमेरमलशेठचं नाव ठरल्यातच जमा होतं. बाजारातलं सगळ्यात जुनं दुकान त्यांचं. पंचकीची हौसही भारी.

माशी शिंकली ती घरातच. थोरला मुलगा धर्मचंद पुण्याहून राज्यशास्त्र घेऊन बी.ए. होऊन आला आणि भर बाजारात म्हणाला, "एका दुकानाला एक मत द्या. ज्याला जास्त, तो पंच." १९३७ साल होतं. साऱ्या इलाख्यात निवडणुकीचं वारं होतं, तेव्हा लोकांनाही चेव आला. चिठ्ठ्या मात्र धर्मचंदने नको म्हटल्या. अक्षर ओळखू येतं. त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या दुकानातली एक सुकी मिरची आणावी. पडद्याआड दोन मडकी, डावं सुमेरमलशेठचं, उजवं त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या रतिलालशेठचं. मिरची काय, सगळी लालच.

एरवी घरात मारवाडी बोलणारे सुमेरमलशेठ रागावले की थेट अहिराणीत उतरत.

"राज्यशास्त्र, राज्यशास्त्र! बापनी गादी काढाले शिकना का तू?"

धर्मचंदला उलट बोलायची सोयच नव्हती. धाकटी बहीण हुलास मॅट्रिक पास होऊन घरी बसली होती. भावाचीच पुस्तकं शिकायला तिला कॉलेजात जायचं होतं, आणि वडिलांनी अट घातली होती, "पहिले तुन्हं शास्त्र काय कामनं शे ते दखाड. मंग पोरनं देखसू."

म्हणजे बाप हरला की बहिणीचं कॉलेजही गेलं. आणि बाप हरण्यासारखाच होता, हे धर्मचंदला कळत होतं. रतिलालशेठ दोन्ही बाजू ऐकत, सुपारी चघळत विचार करत आणि मग बोलत. सुमेरमलशेठ पहिल्या माणसाचं निम्मं ऐकूनच निकाल देत, आणि दुसरा तोंड उघडायला गेला की त्यालाच झापत. मन दिलदार, पण डोकं तापलेल्या तव्यासारखं.

सगळ्यांत शेवटी तेच आत गेले. बराच वेळ लागला. बाहेर लोक कान देऊन बसले, पण शिंक काही आली नाही. शेठ मिशा सारखी करत आले आणि आपल्या जागेवर बसले.

दगा मापाड्याने दोन्ही मडकी चादरीवर पालथी केली. त्याला मत नव्हतं, म्हणून मोजायचं काम त्याचं. त्याने एकदा मोजलं, परत मोजलं आणि हळूच म्हणाला, "एक मिरचीवरथून रतिलालशेठ."

सगळे सुमेरमलशेठकडे बघत होते. धर्मचंद खाली बघत होता. आपल्याच हाताने हुलासचं कॉलेज बुडवलं, असं त्याला वाटत होतं.

रतिलालशेठ पडले जातिवंत व्यापारी. समोर मिरची दिसली की हात आपोआप जायचा. त्यांनी आपल्या ढिगातली एक उचलली, देठ मोडला, हुंगली आणि दचकलेच.

"हाई ते सुमेरमलभाईनी पथारीवरनी शे!"

मिरची हातोहात फिरली. वादच नव्हता. इतकी काळसर होईपर्यंत मिरची पथारीवर उन्हात वाळवणारं दुकान बाजारात एकच होतं. धर्मचंदने कपाळाला हात लावला. अक्षर लपवायला त्याने मिरची आणली, आणि या बाजारात तर माणूस अक्षरापेक्षा मिरचीवरून लवकर ओळखू येतो. व्यापाऱ्याच्या पोटी जन्मून एवढं सुचलं नाही!

"बी.ए.नी बापले बुडाडं!" हुकमीचंद ओरडले. झालं, सगळ्या नजरा धर्मचंदवर वळल्या. त्यानेच मिरची बदलली असणार.

"त्याले काय बोलतस?" सुमेरमलशेठ उठले. "मिरची मीच टाकी."

शेठ लाजले होते. इतक्या वर्षांत त्यांना लाजताना कोणी पाहिलं नव्हतं.

"पडदामांगे कोन्ही नव्हतं," ते म्हणाले. "मी मन्हा मनले इचारं, उद्या मन्हाच झगडा व्हयना, त न्याय मांगाले कोनाकडे जासू? मन बोलनं, रतिलालकडे."

मग हशा आणि टाळ्या अशा उसळल्या, की पार स्टेशनापर्यंत गेल्या असतील. रतिलालशेठने त्यांना मिठीच मारली. स्वतःच्या डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी सोयीस्करपणे मिरचीच्या नावावर खपवलं. सुमेरमलशेठ तर पंच झाल्यासारखेच खूश दिसत होते. मिठीतूनच त्यांनी मुलाला हाक मारली.

"धरम, इतलं शिकाले माले सगळी उमर लागनी. हुलासले काय म्हातारी व्हई तवलगुन थांबाडू? धाड तिले कालेजमा!"