कर्णधाराला काढलं

रोह्याच्या फुटबॉल संघाची व्यवस्थापक आसावरी निडी गावात हरेशच्या घरी पोचली, तेव्हा तो धाटावच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट करून नुकताच जेवायला बसला होता. अकरा वर्षं संघाचा कर्णधार असलेल्या या माणसाला तिला वगळायचं होतं. लीगच्या नियमाप्रमाणे सगळ्या खेळाडूंचं मानधन मिळून एका ठरलेल्या रकमेत बसवावं लागे, आणि सगळ्यात जास्त मानधन हरेशचं होतं. तो राहिला तर पेणचे दोन तरुण बचावपटू घेता येत नव्हते. खरं तर हे गेल्या वर्षीच करायला हवं होतं, पण तिला धीर झाला नव्हता.

त्याने हात धुतल्यावर तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

हरेशने पंच्याला हात पुसले. मग म्हणाला, "ते दोघं नक्की येतायत ना?"

"तुझं नाव यादीतून निघालं की लगेच सही करतायत."

"मॅडम, दोन वर्षं गुडघा बांधून खेळतोय मी. घरात रोज बोलणी खातोय. पण मी सोडलं तर मागं उभं राहायला कोण हाय, म्हणून तुमच्याकडं विषयच काढला नाय."

"आणि मी नाही काढला, तुला वाईट वाटेल म्हणून!"

दोघंही हसत सुटले. मग हरेशने आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला जोरात हाक मारली, "मैना, भायेर ये गो! मॅडमनी मला काढलं!"