घासू नये म्हणून

"एकच दफे लावजो, पोरी. घासते ते."

शेवंताबाईंनी पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला खरा, पण त्याच्यावरचा हात काही काढला नाही. भिलाईत सुपेल्याच्या बाजारात अनुजाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. शेवंताबाईंचे यजमान आनंदराव यांच्या स्टील प्लांटमधल्या जुन्या सोबत्याची ती मुलगी, म्हणून दोघं नवरा-बायको भिलाई-तीन वस्तीतून ऑटो करून तिच्याचकडे आले होते. उद्या त्यांच्या मुलाचं, रोशनचं, पुण्यानुमोदन, म्हणजे त्याची पुण्यतिथी. दरवर्षी वंदना व्हायची, जेवणं व्हायची, माणसं आपापल्या घरी जायची. यंदा शेवंताबाईंनी मनाशी ठरवलं होतं, की पोराचा व्हिडिओ टीव्हीवर लावायचा आणि सगळ्यांसोबत आपणही पाहायचा.

आपणही, कारण त्यांनी तो अजून पाहिलाच नव्हता. रोशन मोटरसायकलवर नंदिनी गावाला गेला तो अपघात होऊन परत आलाच नाही, आणि आठवडाभरानं त्याच्या मित्रानं, रूपेशनं, हा पेनड्राइव्ह आणून दिला. भीमजयंतीच्या रात्री मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आहे, रोशननं लय हसवलं होतं सगळ्यांना, असं तो म्हणाला होता. त्या दिवशी त्यांच्यानं पाहवलं नाही. पुढं पाहावंसं वाटू लागलं, तर भीती वाटायला लागली.

भीती उगाच नव्हती. त्यांच्या वडिलांनी गायलेल्या गाण्यांची एक कॅसेट त्यांच्याकडे होती. ती त्यांनी ऐकून ऐकून इतकी घासली, की शेवटी वडिलांचा आवाज गेला आणि नुसती खरखर उरली. बापाला असं ऐकून संपवलं, आता पोराला पाहून संपवायचं नाही, असं या बाईनं घेतलं डोक्यात. पेनड्राइव्ह पावडरच्या डब्यात, डबा पत्र्याच्या पेटीत आणि पेटीची किल्ली कमरेला. कॉपी काढून देते म्हणणाऱ्या पोटच्या मुलीवरही त्या उखडल्या होत्या. कॉपी काढली की मूळचं पातळ होतं, हेही त्यांना कॅसेटनंच शिकवलं होतं.

अनुजानं हळूच त्यांचा हात बाजूला केला आणि पेनड्राइव्ह लावला. स्क्रीनवर 'वाचता येत नाही' अशी एक चौकट आली. तिनं तो काढला, पुसला, दुसऱ्या जागी लावला. तीच चौकट. मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिला, मग हरवलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. एक हिरवी पट्टी सावकाश सरकत शेवटाला गेली. आनंदराव पट्टीकडे पाहत होते आणि शेवंताबाई अनुजाच्या तोंडाकडे.

"मावशी, याच्यात काहीच नाही मिळून राहिलं," अनुजा म्हणाली. "पूरा खाली आहे."

 आनंदराव बायकोकडे न पाहताच बोलले.

"म्या पाह्यला होता. तू दवाखान्यात भरती होती, किल्ली माह्यापाशी होती तवा. रूपेशच्या घरी जाऊन पाह्यला. एकच दफे, शेवंते."

शेवंताबाई त्यांच्याकडे वळल्या. इतकी वर्षं त्यांनी स्वतःला उपाशी ठेवलं होतं, आणि हा माणूस चोरून जेवून आला होता.

"माह्या लेकराले तुमी घासलं," त्या म्हणाल्या.

आनंदरावांनी मान खाली घातली. त्यांनाही तेच वाटत होतं, आणि आजच नाही, त्या दिवसापासून वाटत होतं.

अनुजाला गप्प बसता आलं असतं. पण म्हाताऱ्याची ती मान तिला बघवेना. तिनं जमेल तसं समजावलं. याच्या आत फीत नसते, घासायला काही फिरतही नाही. एक चिप असते, तिच्यात बारीक बारीक खाने असतात, आणि प्रत्येक खान्यात चिमूटभर वीज कोंडून ठेवलेली असते. तोच आपला फोटो, तोच आवाज. पाहण्यानं ती सरत नाही. पण साध्यातला पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं कुठं लावलाच नाही, त्यात पत्र्याच्या पेटीतली गरमी, तर ती वीज थोडी थोडी झिरपून जाते. काकांच्या पाहण्यानं काहीही झालेलं नाही. उलट मधून मधून लावून पाहिला असता, दोन-चार कॉप्या काढून ठेवल्या असत्या, तर, असं म्हणून ती थांबली. पुढचं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

शेवंताबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे मी रोज पाह्यलं असतं, तरी चाललं असतं?"

नाही म्हणावं, असं अनुजाला फार वाटलं.

"हो, मावशी."

शेवंताबाई काउंटरपाशी ठेवलेल्या स्टुलावर बसल्या. त्या रडल्या नाहीत. सणाला पेटी उघडायची, डबा कानाशी हलवायचा, आत खुळखुळलं की पुन्हा कुलूप लावायचं, असे किती सण त्यांनी काढले होते. सगळे वाया गेले होते. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला अनुजानं थोड्या वेळानं ये म्हणून सांगितलं. आनंदराव गुन्हेगारासारखे उभेच होते.

"सांगा," शेवंताबाई त्यांना म्हणाल्या. "काय होतं त्याच्यात?"

आनंदराव स्टुलाजवळ सरकले.

"डोक्यावर टॉवेल घेतला होता त्यानं, पदरावानी. तुही नक्कल करून राह्यला होता. चहा गाळता गाळता तू मले कशी बोलते, तसा."

शेवंताबाईंनी डोळे मिटून घेतले. ओठ हलले, हसल्यासारखे. आनंदराव पुढं सांगणार, तेवढ्यात त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं.

"बस," त्या म्हणाल्या. "आज इतकंच सांगा. बाकीचं राहू द्या."